पक्या, तुहा सुआ माह्याजवळ आहे

पक्या, तुले राग आला तर येऊ दे, पण खरं सांगतो. तुह्या मयतीतही मले तुहा हेवाच वाटला.

खांदा द्यायले मी पुढे होतो. एका बाजूले तुहा भाऊ, दुसऱ्या बाजूले मी. डोळ्यातलं पाणी थांबत नव्हतं, अन् तेवढ्यातही माही नजर मागे गेली, गर्दी पाहाले. उंद्रीच्या स्टँडपासून तुह्या वावरापर्यंत माणसंच माणसं. चिखलीचे, खामगावचे, अन् नागपूरहून आलेले तुह्या विमानाच्या हँगरमधले निळ्या शर्टातले पंधरा-वीस जण, एकमेकायच्या गळ्यात पडून रडणारे. मी मनात म्हणलं, माह्या अब्बाच्या जनाज्याले एवढे नव्हते. ज्या माणसानं अख्ख्या गावाच्या धान्याच्या कोठ्या बनवल्या त्याच्या मागे एवढे नव्हते, अन् या पक्याच्या मागे पाहा. असा मी. सोबत्याची तिरडी खांद्यावर अन् डोक्शात गर्दीची बरोबरी.

तिसऱ्या दिवशी वंदनावहिनीनं बोलावून घेतलं. म्हणल्या, शकीलभाऊ, तेरवीले चार शब्द तुम्हीच बोला, त्यायले तुमच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. मी मान हलवली. दुकानात येऊन वहीचं पान काढलं अन् लिहायले बसलो. 'प्रकाश हा लहानपणापासून मनमिळाऊ, कष्टाळू अन् हुशार होता.' वाचून पाह्यलं अन् फाडून टाकलं. मनमिळाऊ कायचा? पत्त्यात हरला की दोन-दोन दिवस बोलत नव्हता तू. हुशार म्हणशीन तर कातरीनं सरळ पत्रा कापायले तुले वर्ष लागलं. मंग आज दुसरं पान काढलं, अन् हे तुलेच लिहून राह्यलो.

कारण मले बोलायची एकच गोष्ट आहे. बावीस वर्षांपासून पोटात आहे. ती पहिले तुले सांगायची होती, मंग बाकीच्यायले. तू एक्केचाळिसाव्या वर्षी छातीवर हात ठेवून बसला अन् उठलाच नाही, आता माही पंचाईत झाली. तेरवीले ती गोष्ट सांगतली तर गाव माह्या तोंडावर थुंकीन. न सांगता गोड-गोड बोललो तर मीच थुंकीन. दोन दिवस राह्यले आहेत.

सुरुवातीपासून सांगतो. तुले माहीत आहे तेही सांगतो, कारण कोणती गोष्ट कशी झाली यावर तुह्यं-माह्यं कधी जमलंच नाही.

तू आमच्या दुकानात आला तो कोठीच्या मागे. तुह्या बाबानं गव्हासाठी कोठी सांगतली होती, ती न्यायले बाजाराच्या दिवशी बैलगाडी आणली. कोठी गाडीत चढली, गाडी गेली, अन् तू तिथंच उकिडवा बसून राह्यला. अब्बा पत्रे जोडायच्या रिबिटा ठोकत होते अन् तू पाहात होता. दहावीची परीक्षा झाली होती, घरी काही काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. आठ दिवसांनी अब्बानं तुह्या हातात हातोडी दिली. मी लहानपणापासून त्या दुकानात वाढलो, मले हातोडी मिळायले चार वर्षं लागली होती. तू म्हणायचा, तुले दोन वर्षांत भेटली होती. नाही बे. चार.

तुहे हात म्हणजे वखर धरायचे हात. पत्र्याले मोळणा पाडायचा, म्हणजे कडा दुमडायची, तर पत्राच वाकडा होऊन जाय. मी एका झटक्यात कोपरा काढून देत होतो अन् तू अर्धा तास बसून त्याच्यावर रागावत होता. मी हसलो की अब्बा मले गप करत. एकदा शेजारच्या रजई भरणाऱ्या चाचानं विचारलं, की हे पाटलाचं पोट्टं शिकन काय. अब्बा म्हणले, "इसके हाथ में कम है, पर इसके कान में है."

ते खरं होतं, म्हणूनच मले जास्त झोंबलं. रिबीट पुरती बसली का नाही ते डोळ्याले दिसत नाही, आवाजाले कळते. पोकळ वाजते तोवर ठोकायची, आवाज भरीव झाला की थांबायचं. एक घाव जास्त झाला तर पत्रा चिरते. मी सवयीनं मोजून पाच घाव घालत होतो. तू प्रत्येक घावाले मान तिरपी करून ऐकत होता. अब्बा मले सांगत, देख, परकास सुनता है. तुह्यं नाव त्यायले कधी धड घेता आलं नाही, पण घेताना तोंड गोड होत होतं. माह्यं नाव कसं घेत होते तेही मले माहीत आहे.

मंग सुआ आला. पत्रा कापायच्या आधी रेघ मारायची पोलादी सुई, ती म्हणजे सुआ. आमच्या दुकानात पेन चालत नाही, पेन्सिल चालत नाही. घामानं शाई पुसल्या जाते, हात फिरला की पेन्सिल जाते. सुआची रेघ पत्र्यात उतरते ती राहते. अब्बाच्या जुन्या गोल कानशीचे दोन तुकडे झाले होते. त्यायनं दोन्ही भट्टीत लाल केले, घासून टोक काढलं, तेलात विझवले, अन् दोन सुए तयार केले. एक मले, एक तुले. माह्यावाल्याची शेपटी सरळ होती. तुह्यावाल्याच्या शेपटीले अब्बानं पीळ दिला, वर गोल कडी केली. मी विचारलं, काऊन? म्हणले, हाथ भारी है इसका, पकड़ में फिसलेगा नहीं. कारण बरोबर होतं. पण पोरगा मी होतो, अन् पीळ तुह्या सुआले होता.

चिखलीच्या आयटीआयले आपुन दोघं सोबत गेलो, सोबत पत्राकाम शिकलो. शेवटच्या वर्षी सरांनी सांगतलं की नागपूरले एका ठिकाणी विमानाच्या बॉडीची दुरुस्ती शिकवतात, पंख, पोट, शेपूट, आंगावरचा पत्रा, सगळं. प्रॅक्टिकल परीक्षा घेऊन पोट्टे निवडतात. आपल्याले पहिले हसू आलं होतं. विमानही पत्र्याचंच असते, त्यालेही रिबिटाच असतात, हे तोवर कधी डोक्शात आलं नव्हतं. अब्बाले सांगतलं तर ते हातोडी खाली ठेवून म्हणले, "मतलब हवाई जहाज भी अपनी ही बिरादरी का है." दोन दिवस हेच ज्याले-त्याले सांगत फिरले.

निघायच्या दिवशी स्टँडवर अब्बा आले होते. तुह्या मायनं दोघांसाठी भाकरी अन् ठेचा बांधून दिला होता. खामगावची गाडी लागली. अब्बानं पहिले तुह्या डोक्शावर हात ठेवला अन् म्हणले, अपने कान पे भरोसा रखना. मंग माह्याकडे वळले. मी वाट पाहात होतो. मले म्हणले, परकास का ख्याल रखना.

एवढंच. नागपूर येईपर्यंत ते वाक्य माह्या डोक्शात फिरत होतं. ज्याच्या हातात काहीच नाही त्याले भरोसा, अन् ज्याच्या हातात सगळं आहे त्याले चाकरी. सकाळी धर्मशाळेत तू आंघोळीले गेला. तुही पिशवी खाटेवर उघडी होती. मी पिळाचा सुआ काढला अन् माह्या पिशवीत तळाले, टॉवेलात गुंडाळून टाकला.

घे. सांगतलं.

मी काही ठरवून नव्हतं केलं असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. ठरवलं होतं. सुआ नसला म्हणजे तुही रेघ वाकडी येईन, रेघ वाकडी आली म्हणजे काप वाकडा जाईन, अन् तू घरी जाशीन. मी तिथं राहीन. मंग अब्बा स्टँडवर कोणाच्या डोक्शावर पहिले हात ठेवतात ते पाहू, एवढाच विचार होता.

परीक्षा घेणारे साहेब पांढऱ्या केसांचे होते, हवाई दलातून रिटायर झालेले. प्रत्येकाच्या टेबलावर ॲल्युमिनियमचा एक पत्रा, मऊ अन् उजळ. त्याले एक चीर पाडून ठेवली होती. तिच्यावर ठिगळ कापायचं, कडा वाकवायची, भोकं पाडायची, रिबिटा मारायच्या. साहेब एकदाच म्हणले, की पत्र्यावर ओरखडा पडू देऊ नका. टेबलावर एक जाड टोकाचं पेन ठेवलेलं होतं. मले ते पाहून हसू आलं. शाळेतल्या पोट्ट्यासारखं पेननं कोण आखते? ओरखडा म्हणजे हत्यार घसरलं की पडते तो. रेघ म्हणजे कामच आहे, रेघेले ओरखडा कोण म्हणते? पत्राकाम करणाऱ्याच्या सात पिढ्यांत कोणी म्हणलं नसन.

तू पिशवीत हात घातला. पुन्हा घातला. पिशवी उलटी केली. तुह्या तोंडावरचा रंग गेला तो मले दिसला. तू माह्याकडे वाकून हळूच म्हणला, "शकील्या, माहा सुआ घरी राह्यला वाटते बे. तुह्यं झालं की तुह्यावाला देजो."

मी म्हणलं, "मले लागते."

तू टेबलावरचं पेन उचललं.

माह्यं काम अर्ध्या वेळात झालं. हॉलमध्ये माह्यासारखी कडा कोणाची नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगतो. साहेबांनी माहा पत्रा उचलला, उजेडात धरला, अन् अंगठ्याचं नख रेघेवरून फिरवलं. नख अडकलं. मले म्हणले, "हाथ तो बहुत अच्छा है, बेटा. लेकिन ये लकीर ऊपर जाकर फटेगी." मंग समजावून सांगतलं. विमान वर गेलं की आतल्या हवेनं फुगते, खाली आलं की बसते. रोज फुगते, रोज बसते. पत्र्यावर जिथं सुईनं कोरलं असन तिथून चीर धरते, अन् ती वाढत जाते. तुह्या ठिगळाच्या तीन रिबिटा वाकड्या होत्या. साहेब हसले. पण नख कुठंच अडकलं नाही, अन् प्रत्येक रिबीट भरीव वाजली.

करायले गेलो गणपती अन् झाला मारोती, ते माह्यावरूनच निघालं असन. तुहा सुआ पिशवीत राहू दिला असता तर तूही कोरली असती रेघ, तीच आपली उंद्रीची सवय. दोघंही नापास होऊन वापस आलो असतो अन् आज शेजारी-शेजारी कोठ्या ठोकत असतो. तुले विमानवाला माह्याच हातानं केलं मी. अन् त्याचा हक्कही सांगता येत नव्हता, कारण सांगतला तर चोरी सांगावी लागत होती. तुले नाही माहीत, पक्या, असं वाकड्या नशिबाचं जळणं काय असते.

परतीच्या गाडीत मी झोपलो होतो. खरंच झोपलो होतो. अमरावतीच्या पुढे तू मले उठवलं अन् भाकरीवर ठेचा ठेवून हातात दिला. माह्या पिशवीतूनच शिदोरी काढली होती तू. ते मी तेव्हा ध्यानात घेतलं नाही.

मंग तू गेला अन् मी राह्यलो. दुसऱ्या वर्षी तू माह्यासाठी फॉर्म घेऊन आला. मी म्हणलं, पाहू. तिसऱ्या वर्षी पुन्हा आणला. चौथ्या वेळी आपलं कडाक्याचं वाजलं. वय निघून चाललं होतं, तू म्हणत होता की हॉलमध्ये तुह्यासारखा हात नव्हता, साहेब अजून तुही आठवण काढतात, पेन धरायले काय जाते तुह्यं. मी म्हणलं, मले तुही दया नोको. तू म्हणला, दया कोण करते बे. मी तो फॉर्म शिसं वितळवून डाग लावायच्या शेगडीत टाकला. तुह्यासमोर. तू त्याच्याकडे पाहात राह्यला अन् म्हणला, "तू तुहाच वैरी हायेस, शकील्या." अन् निघून गेला. ते भांडण तिथंच राह्यलं. पुढे आपुन हजार गोष्टी बोललो, पण तो फॉर्म कधी निघाला नाही. आज मानतो, तुह्यंच बरोबर होतं. मले विमान पाहिजे नव्हतं असं नाही. तुह्या मागून जायचं नव्हतं.

दिवाळीले तू घरी आला की पहिले आमच्या दुकानात. अब्बा तुले घेऊन बाजारभर फिरत. मेरा शागिर्द है, हवाई जहाज जोड़ता है. चहाची टपरी, पानठेला, सलून, एकही सुटत नव्हतं. मी दुकानात बसून कूलरच्या टाक्या ठोकत होतो, अन् पाचाऐवजी सात घाव बसत होते. ईदले तू शिरखुर्मा खायले येत होता तर अब्बा तुह्या वाटीत दोनदा वाढत. मी चाळिशीच्या आसपासचा माणूस, घरात दोन लेकरं, अन् वाटीतला शिरखुर्मा पाहात होतो.

एकदा तू अब्बाले अन् मले नागपूरले नेलं. वर्षातून एक दिवस घरच्या माणसायले आत नेता येत होतं. अब्बा नवा पायजमा घालून आले होते. तू विमानाच्या पोटाखाली त्यायले नेऊन तुह्या हातचं ठिगळ दाखवलं. रिबिटा अशा रांगेत की डोळा घसरत जाय. अब्बानं बोटाच्या पेरानं एक-एक वाजवून पाह्यली. कान लावून. बारा-पंधरा रिबिटा ऐकल्या अन् मंग विमानाले हात लावून उभे राह्यले, डोळे मिटून. त्या दिवशी मले तू मरावा असं वाटलं होतं. एक क्षण. तेही लिहून ठेवतो, म्हणजे काही राहायले नको.

त्याच दिवशी तू हत्यारायची पेटी दाखवली. जाड फोम, अन् त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खड्डा कापलेला. पाना तर पान्याचा, हातोडी तर हातोडीचा. तू सांगतलं की कोणी हत्यार घेतलं तर त्या जागी आपल्या नावाचा पितळी बिल्ला ठेवायचा. काम संपलं की पेटी पाहायची. एक जरी जागा रिकामी दिसली तर विमान जाग्यावरून हलत नाही, कारण ते हत्यार पंखात राह्यलं असलं तर शंभर माणसायचा जीव जाईन. अन् ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा, हत्यार स्वतः वापस ठेवून. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

अब्बानं विचारलं, और कोई वापस ना करे तो?

तू म्हणला, "करता है, चाचा. किसी-किसी को देर लगती है."

मी तेव्हा विमानाची चाकं पाहात होतो.

तसं तू मले एकदा दार उघडून दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या वेळी, दुकानाच्या पायरीवर बसून तू सांगत होता. पंखात काम करताना ड्रिलचं मोडलेलं टोक, नखाएवढं, आत पडलं. सापडत नव्हतं. विमान जायच्या तयारीत. तू स्वतः जाऊन साहेबाले सांगतलं. विमान थांबलं, पत्रा उघडला, पाच तासांनी टोक सापडलं. तुले लेखी ताकीद मिळाली. मी म्हणलं, येडा का बे तू, नखाएवढं टोक, कोणाले कळलं असतं? तू म्हणला, "मले कळलं असतं ना." अन् मंग तू माह्याकडे पाहात बसला. बराच वेळ. चोराच्या मनात चांदणं, मी उठून गिऱ्हाईक नसताना कूलरची जाळी बसवाले लागलो.

कारण सुआ तिथंच होता, गल्ल्याखालच्या खणात, तुह्यापासून चार हातांवर. माहा सरळ शेपटीचा सुआ नागपूरहून आल्यावर महिन्याभरातच मोडला होता. तुह्यावाला वापरायले काढला तर मोडेचना. अब्बानं त्याले पाणीच तसं दिलं होतं. पिळामुळे पकड सुटत नव्हती. बावीस वर्षं मी त्याच सुआनं रेघा मारल्या. उंद्रीतल्या अर्ध्या कोठ्या तुह्या सुआनं आखलेल्या आहेत. तू यायचा म्हणलं की खणात जाय, तू गेला की बाहेर. अब्बानं एकदा ओळखला. ये परकास का है ना? मी म्हणलं, हाव, ठेव म्हणून देऊन गेला. अब्बा हसले. अच्छा किया, म्हणले. मरेपर्यंत त्यायले वाटत राह्यलं की तू मले सुआ देऊन गेला होता.

अन् तू दर वेळी यायचा तर काय करत होता? नव्या कोठीच्या शिवणीवरून अंगठा फिरवायचा. म्हणायचा, शकील्या, अशी शिवण आमच्या हँगरमध्ये कोणाची नाही. मले वाटायचं चिडवून राह्यला. मोठा माणूस लहान्याच्या पाठीवर थाप देते तसं. आता अकरा दिवसायत कोणी शिवणीवरून अंगठा फिरवला नाही. गिऱ्हाईक येते, कोठी वाजवते, भाव करते, घेऊन जाते. शिवण कोणी पाहात नाही, पक्या. तू एकटाच पाहात होता. हे मले तू असताना कळायले पाहिजे होतं.

आज दुपारी गौरी आली होती. तुही पोरगी तुह्यासारखीच चालते, पाय आपटत. तिनंही तोच फॉर्म भरला, तुले माहीत आहे. पप्पांची घरची पेटी वापरायची म्हणते, पण मायनं सांगतलं की पहिले शकीलकाकाले दाखव. पेटी तिनं माह्या ठोकळ्यावर ठेवली अन् उघडली. तोच फोम, तेच खड्डे. तू स्वतः कापलेले. पाने, कातऱ्या, हातोड्या, सगळं जाग्यावर. एकच जागा रिकामी होती.

लांब, बारीक, अन् शेवटी पिळाची नागमोड, वर गोल कडी. कडीसुद्धा कापली होती तू, पक्या. आठवणीतून. त्या खड्ड्यात एक पितळी बिल्ला पडला होता. काळा झाला होता. ठशानं एक-एक अक्षर ठोकलेलं होतं, शकील.

मी त्या अक्षरायवर बोट ठेवलं. गौरीले वाटलं मले समजलं नाही. ती म्हणाली, "काका, ते हरवलेलं नाही. पप्पा म्हणत, ते शकीलजवळ आहे. नागपूरहून येताना गाडीत शिदोरी काढली तर तुमच्या पिशवीत दिसलं होतं त्यायले. मी म्हणायची, मंग मागून घ्या ना. तर म्हणत, ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा."

गाडीतच. म्हणजे मले उठवून भाकर हातात दिली तेव्हा तुले माहीत होतं. फॉर्म घेऊन चारदा आला तेव्हा माहीत होतं. पायरीवर बसून माह्याकडे पाहात होता तेव्हाही. अन् दर वेळी ज्या शिवणीवरून अंगठा फिरवला ती आपल्याच सुआनं आखली हेही तुले माहीत असन. तुह्या नजरेतून काय सुटत होतं?

मी खण उघडला अन् सुआ काढला. गौरीसमोर. तिले सांगतलं, की परीक्षेच्या दिवशी हा मी तुह्या पप्पाच्या पिशवीतून चोरला होता. चोरला, असंच म्हणलं. ती मंग पेटी माह्याकडे सरकवून म्हणाली, "ठेवा."

ठेवला. कडी बसली, पीळ बरोबर बसला. पण टोकाकडे जागा उरली. बावीस वर्षं घासून-घासून मी त्याले टोक काढत राह्यलो, तो झिजून बोटभर लहान झाला. तू कापलेला खड्डा नव्या सुआचा होता. गौरीनं त्या उरलेल्या जागेत बोट ठेवून पाह्यलं. बिल्ला मीच उचलला. तो आता माह्या खिशात आहे.

परवा तेरवीले हेच वाचतो. वहिनी आहेत, तुही माय आहे, हँगरवाले येतीन, गाव आहे. ज्याले थुंकायचं त्यानं थुंकावं.

अन् हेवा म्हणशीन तर तो काही गेला नाही, पक्या. विमानाचा गेला. गर्दीचा गेला, अब्बाचाही गेला. पण माह्या नावाचा बिल्ला पेटीत ठेवून तू बावीस वर्षं माह्या दुकानात येऊन हसत बसला. एकदाही मागितलं नाही. माह्यानं ते एक दिवस झालं नसतं.